दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलताना

आम्ही डिजिटल चित्रं काढणारे काही जण ठरलेल्या दिवशी एकत्र येतो, एकेकाचं चित्र स्क्रीनवर उघडतो आणि त्यावर बोलतो. कुणी मुखपृष्ठं करून पोट भरतं, कुणी नोकरीतून उरलेल्या वेळात काढतं. निवृत्तीनंतर टॅबलेट घेऊन बसलेले एक काका आहेत, नुकतीच कॉलेजात गेलेली एक मुलगी आहे. या गटात स्वतःचं काम दाखवण्यापेक्षा दुसऱ्यांच्या कामावर मी जास्त बोलत आले. ते बोलणं कसं घडत गेलं आणि आता मी ते कसं करते हे सांगावंसं वाटतं. चित्र काढायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्याच्या चित्राकडे कसं बघायचं हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

सुरुवातीला आमच्याकडे दोनच तऱ्हा होत्या. एक म्हणजे 'मस्त', 'कडक', 'कमाल केलीस'. दुसरी म्हणजे यादी: मान लांब झाली, बोटं जमली नाहीत, सावली चुकली, मागची जागा रिकामी वाटते. पहिल्या तऱ्हेने चित्रकार खूश व्हायचा आणि पुढचं चित्र अगदी तसंच काढायचा. दुसऱ्या तऱ्हेने तो गप्प व्हायचा आणि बरेचदा ते चित्र तिथेच टाकून द्यायचा. यादीतली प्रत्येक गोष्ट खरी असायची, खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण सात-आठ खऱ्या गोष्टी एका दमात ऐकल्या की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. शिवाय जिच्यामुळे अख्खं चित्र सावरलं असतं ती एक गोष्ट त्या गर्दीत बोटांच्या आणि मानेच्या बरोबरीने उभी राहते. ऐकणाऱ्याला तिचं वजन कळत नाही.

दुसऱ्याच्या चित्राशी मायेने वागायचं तर आधी ते नीट बघायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं. निम्मं काम तोंड उघडण्याआधीच होतं.

चित्र समोर आलं की मी आधी ते अंगठ्याच्या नखाएवढं करून बघते. डिजिटल चित्रकार तासन्‌तास 300 टक्के झूम करून बसलेला असतो. पापणीचा केस न् केस काढून होतो आणि पूर्ण चित्रात तो चेहरा मागच्या झाडीत हरवला आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. लहान आकारात हे लगेच उघडं पडतं. माझा डोळा आधी कुठे गेला, तिथून कुठे सरकला, कुठे अडकला, एवढं मी कागदावर टिपून ठेवते. हे पहिल्या काही क्षणांतच करावं लागतं. एकदा चित्र ओळखीचं झालं की डोळा माफ करायला लागतो.

मग चित्र आडवं फिरवून बघायचं, डावीकडचं उजवीकडे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना आपलं चित्र आरशात बघायला सांगितलं होतं. उलटं दिसलं की ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं आणि चुका चटकन कळतात. आता आरसा लागत नाही, क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एम' दाबलं की झालं. एका बाजूला कललेला जबडा, एक डोळा खाली सरकलेला, सगळी आकृती उजवीकडे झुकलेली, हे सरळ बघताना दिसत नाही आणि उलटं केल्यावर लपत नाही.

त्यानंतर करडं करून छायाप्रकाश बघायचा. इथे जपावं लागतं. फोटोशॉपमध्ये नुसतं 'डीसॅच्युरेट' केलं, म्हणजे रंग काढून टाकले, तर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच करड्यात उतरतात, कारण ती आज्ञा लाल, हिरवा, निळा यांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढून मोकळी होते. डोळ्याला मात्र पिवळा पांढऱ्याच्या जवळ दिसतो आणि निळा काळ्याच्या जवळ. एसआरजीबी या स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगमोजणीच्या हिशेबाने शुद्ध पिवळ्याची तेजस्विता पांढऱ्याच्या सुमारे 93 टक्के भरते, निळ्याची जेमतेम 7 टक्के. म्हणून मी सगळ्यांत वर काळ्याने भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, ठेवते आणि त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळण्याची रीत, 'कलर' करते. त्यात उतरलेला करडा डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाच्या पुष्कळ जवळ असतो. आपण कुणाला तरी 'तुझे टोन एकमेकांत मिसळलेत' असं सांगणार, तर ते ज्या साधनावरून सांगतो ते तरी खरं बोलणारं हवं.

रंगांच्या बाबतीत मी आणखी सावध असते. स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोड चालू असेल तर जगातली सगळी निळी चित्रं मळकट दिसतात. गटातल्या एकाचं चित्र सगळ्यांना फिकट, जीव नसल्यासारखं वाटत होतं आणि तो म्हणत होता, माझ्याकडे तर रंग चांगले झळाळतात. त्याने काम अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगपट्ट्यात केलं होतं आणि फाइल पाठवताना प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे याची नोंद, जोडलंच नव्हतं, म्हणून आमच्याकडे ते फिके दिसत होते. त्याची रंगसंगती चोख होती. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला 'रंग जरा गडद घे' असा सल्ला दिला असता, तर त्याने चांगलं चित्र बिघडवून ठेवलं असतं. तेव्हापासून रंगाबद्दल शंका आली की आयड्रॉपर, म्हणजे एखाद्या जागेचा रंग उचलणारं साधन, लावायचा, रंगाचा आकडा बघायचा आणि मगच बोलायचं, असं आमचं ठरलं.

हे सगळं माझ्या बाजूचं झालं. मग येतात प्रश्न. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यरचनाकार बाईंनी 1990 च्या सुमारास कलाकृतीवर अभिप्राय देण्याची एक पद्धत बसवली. तिचे चार टप्पे आहेत. बघणाऱ्यांनी आधी कलाकृतीत त्यांना काय अर्थपूर्ण, लक्षात राहण्यासारखं वाटलं ते सांगायचं. मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी कलाकाराला तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि सगळ्यांत शेवटी, कलाकाराची परवानगी असेल तर, मत द्यायचं. ही पद्धत नाचासाठी निघाली असली तरी चित्रालाही ती चपखल बसते. तिसरा टप्पा आम्हाला सगळ्यांत जड गेला, कारण तटस्थ प्रश्न विचारणं वाटतं तितकं सोपं नसतं. 'हात एवढा लहान का काढलास?' यात उत्तर आधीच भरलेलं आहे. 'हाताचा आकार ठरवताना मनात काय होतं?' असं विचारलं की कधीकधी असं काही ऐकायला मिळतं की आपलं मतच बदलतं: तो हात लहान नव्हताच, दूर होता, आणि दूर आहे हे दिसायला मधे काही आडवं यायला हवं होतं. आता बोलायचा विषय हाताच्या मापावरून खोलीवर गेला, आणि खरी गोष्ट तीच होती.

आमच्यातल्या त्या कॉलेजातल्या मुलीचं एक चित्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. एक म्हातारी दिव्याशेजारी बसून सुईत दोरा ओवते आहे. दिवा डावीकडे, मागे खिडकी, खिडकीत संध्याकाळचं आकाश. मी विचारलं, "बघणाऱ्याने आधी काय बघावं असं तुला वाटतं?" ती म्हणाली, "सुई. दोरा जात नाहीये, आजी डोळे बारीक करून बघते आहे, ते जाणवलं पाहिजे."

माझ्या कागदावर बरंच काही लिहिलेलं होतं. खिडकीतलं आकाश जवळजवळ पांढरं होतं आणि चौकटीची कडा सुरीसारखी धारदार. शालीच्या प्रत्येक चुणीला कडेने गडद आणि मधे उजळ केलं होतं, सगळीकडे सारखं, म्हणजे दिवा कुठे आहे याचा चुण्यांना पत्ताच नव्हता. टेबलाची रेघ क्षितिजाशी जुळत नव्हती. डाव्या हाताचा अंगठा आखूड होता. आणि म्हातारीचा उजवा खांदा पडद्याच्या अंधारात इतका सुरेख विरघळला होता की मी दोनदा झूम करून बघितला.

मी खांद्यापासून सुरुवात केली. "ही उजवी कडा पडद्यात हरवते आहे, त्यामुळे ती खरंच खोलीत बसल्यासारखी वाटते. पुढे काहीही बदललंस तरी हिला हात लावू नकोस." कौतुकाबद्दल माझं हे ठाम मत आहे. ते मन राखण्यासाठी करू नये, माहिती म्हणून करावं. कुठली गोष्ट जमली आहे हे चित्रकाराला कळलं नाही, तर बाकीचं दुरुस्त करण्याच्या नादात तो नेमकी तीच पुसून टाकतो. एअरब्रश फिरवताना अशी किती हळुवार कडा मेलेली मी बघितली आहे.

मग म्हटलं, "माझा डोळा आधी खिडकीकडे गेला. तिथून शालीवर आला. सुईपाशी पोचायला वेळ लागला. तुला असंच हवं होतं का?"

"नाही हो ताई, सुई आधी."

"मग करड्यात बघू या."

करडं केलं आणि मला काही सांगावंच लागलं नाही. चित्रातला सगळ्यांत उजळ तुकडा वरच्या उजव्या कोपऱ्यात होता, आणि सुई धरलेली बोटं व त्यांच्यामागची शाल एकाच करड्यात बुडालेली. ती स्वतःच म्हणाली, "अरे, खिडकीच दिवा झाली आहे!" तिने खिडकीवर मल्टिप्लायचा, म्हणजे खालचं गडद करणारा, एक लेयर चढवला, त्यात गडद निळा भरला, ओपॅसिटी, म्हणजे त्या थराची दाटी, खालीवर करत बसली. आकाश संध्याकाळचं होतं ते रात्रीकडे झुकलं. तेवढ्याने दिव्याचा पिवळा उजेड एकदम खरा वाटायला लागला आणि बोटांवरची चमक वर आली.

पुढचं मला फार आवडलं. खिडकी शांत झाल्यावर तिचं लक्ष शालीकडे गेलं. "ताई, दिवा डावीकडे आहे, मग या चुण्या उजव्या अंगालाही उजळ कशा?" चुण्यांचं मी बोलले नव्हते. आणि पुढच्या वेळी ती चित्र घेऊन आली तेव्हा म्हणाली, "आता सुई दिसते, तर तो अंगठा विचित्र वाटायला लागलाय. कसा काढू?" मग आम्ही अंगठ्यावर बोललो, स्वतःचा हात दिव्याखाली धरून फोटो काढायचा, तळहाताच्या कुठल्या हाडापासून अंगठा सुरू होतो ते बघायचं, सगळं तपशिलात. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तो अंगठा माझा आक्षेप झाला असता. आता तो तिचा प्रश्न होता आणि ती उत्तर घेऊनच उठली. टेबलाची रेघ शेवटपर्यंत तशीच राहिली, आणि त्या चित्राचं त्यावाचून काही अडलं नाही.

एकाच गोष्टीवर बोलायचं ठरवलं की ती निवडायची कशी, हे मला गटातले लोक विचारतात. माझा निकष असा, की जी सुधारली असता बाकीच्या दोन-तीन गोष्टी आपोआप सुधारतील किंवा निदान दिसायला लागतील, ती आधी. बहुतेक वेळा ती छायाप्रकाशाची किंवा कंपोझिशनची असते. तपशिलाची क्वचितच असते. चेहऱ्याचं माप चुकलेलं असताना पापण्यांच्या शेडिंगवर बोलणं म्हणजे चित्रकाराचा वेळ वाया घालवणं, कारण चेहरा सरळ केला की त्या पापण्या नाही तरी पुसाव्याच लागणार.

त्यात चित्र कुठल्या टप्प्यावर आहे हेही आलं. कच्च्या स्केचवर 'रेषा स्वच्छ नाहीत' म्हणायला अर्थ नाही. आणि उद्या द्यायच्या मुखपृष्ठावर 'कॅमेरा खालून घ्यायला हवा होता' हे सांगणं निव्वळ क्रूरपणा आहे. आमच्यातला मुखपृष्ठं करणारा मित्र ऐन वेळी काम दाखवतो. त्याला मी आधी विचारते, लेयर वेगळे आहेत की सगळं मर्ज केलंय? आकृती वेगळ्या लेयरवर असेल तर ती जरा डावीकडे सरकवून शीर्षकाला श्वास देता येतो, मागचं दृश्य फिकं करता येतं. सगळं एकजीव झालं असेल तर सल्लाही त्या मर्यादेतलाच हवा. बाकीचं मी पुढच्या कामासाठी बाजूला ठेवते आणि काम पोचतं झाल्यावर, त्याने विचारलं तर, बोलते.

बोलताना विषय चित्र असतो, चित्रकार नसतो. हे नुसतं सौजन्य म्हणून मी म्हणत नाही. आव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या कितीतरी जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर लोकांची कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून स्वतःवर जाऊ लागलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. आमच्या गटात मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. 'तुला अ‍ॅनाटॉमी येत नाही' हे वाक्य ऐकल्यावर माणूस चित्राकडे बघणं सोडून आपण चित्रकार आहोत की नाही याचा विचार करू लागतो. 'कोपर बरगड्यांच्या बरंच खाली आलंय, हात सरळ केला तर गुडघ्यापर्यंत पोचेल' हे ऐकल्यावर तो लगेच हात मोजायला घेतो. फार मोठ्या स्तुतीचंही तेच होतं. 'तू जन्मजात कलाकार आहेस' असं म्हटलेल्या पोरांना पुढचं चित्र दाखवायची भीती वाटायला लागलेली मी पाहिली आहे.

शैलीचा प्रश्न वेगळा. एका मुलाच्या पात्रांचे डोळे चेहऱ्याच्या अर्ध्याएवढे असतात आणि नाक म्हणजे एक टिंब. मी स्वतः वास्तवदर्शी काढते, माझ्या हाताला ते डोळे कधीच येणार नाहीत. पण मोठे डोळे ही त्याची निवड आहे, त्याला दुरुस्ती सुचवायचा मला अधिकार नाही. मान वळलेली असताना पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढाच रुंद राहिला, तर मात्र ते त्याच्या स्वतःच्या नियमालाही सोडून आहे आणि तिथे मी बोलते. असं चित्र आलं की मी मनात विचारते: हे खटकतंय ते या चित्राच्या जगात खटकतंय, की फक्त माझ्या आवडीला? दुसरं उत्तर आलं तर गप्प बसते. त्याच्या शैलीतली चार-पाच चांगली चित्रं शोधून बघते, त्या शैलीचे लोक पलीकडचा डोळा कसा सोडवतात ते समजून घेते, मग तोंड उघडते. एवढे कष्ट घ्यायची तयारी नसेल तर त्या चित्रावर दुसऱ्या कुणीतरी बोलावं.

दुसऱ्याच्या चित्रावर रेघ ओढून दाखवणं हे तर फारच नाजूक प्रकरण आहे. डिजिटलमध्ये ते सोपं झालं आहे, फाइलची प्रत घ्यायची, वर लेयर टाकायचा आणि काढायचं. मूळ चित्राला धक्काही लागत नाही. तरी न विचारता मी हे करत नाही, आणि हो म्हटलं तरी पूर्ण रंगवून दाखवत नाही. लाल रंगात, बारीक ब्रशने, कण्याचा कल, खांद्यांची रेघ, पायावर पडणारा भार, एवढंच. लेयर वेगळा ठेवून परत देते, म्हणजे नको तेव्हा झाकता येतो. मी चेहरा रंगवून दिला तर तो माझा चेहरा होईल. मग चित्रकाराकडे दोनच वाटा उरतात, माझी नक्कल करायची किंवा स्वतःच्या कामाबद्दल खट्टू व्हायचं. लाल रेषांमधून तो तत्त्व उचलतो आणि हात स्वतःचाच राहतो.

काहींना अभिप्राय नकोच असतो. त्यांना चित्र झाल्याचा आनंद वाटून घ्यायचा असतो. हे विचारलं की कळतं, आणि अशा वेळी मी त्यांच्याबरोबर चित्र बघते, काय आवडलं ते सांगते, बस. मागितलेलं नसताना दिलेला सल्ला कितीही अचूक असला तरी तो लादलेलाच.

आणि सल्ला मागून, नीट ऐकून, तो न घेणारेही असतात. काकांनी एक बाजारासारखं गजबजलेलं दृश्य काढलं होतं आणि मागची भिंत पूर्ण सॅच्युरेशनची लाल. मी म्हटलं, "काका, भिंत माणसांच्या पुढे येते आहे. लाल थोडा करड्याकडे नेला तर माणसं सुटी होतील." त्यांनी माझ्यासमोर तसं करून बघितलं. माणसं सुटी झाली. दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण मला गुदमरल्यासारखंच हवंय. ती भिंत अंगावर आली पाहिजे." त्यांनी लेयर बंद केला, लाल परत आला. मला आजही तो लाल जास्त वाटतो. पण आता तो ठरवून ठेवलेला लाल आहे, आणि बदललं तर काय होतं हे त्यांनी बघून घेतलेलं आहे. माझ्या बोलण्याचं काम तिथे झालं होतं. नंतरच्या चित्रात त्यांना ओल्या कापडाच्या घड्या जमत नव्हत्या. त्यांनी फाइल उघडली, त्या घड्यांभोवती गोल केला आणि म्हणाले, "आज फक्त एवढंच बघ."